नदीत महाशीर परत आणायचाय? आधी आई-बाप मोजा

पाऊस तोंडावर आला की फोन सुरू होतात. कधी नदीसाठी धडपडणारी तरुण मंडळी, कधी एखाद्या कंपनीची सीएसआरची टीम, कधी थेट सरपंच. मागणी ठरलेली: महाशीर या नदीतल्या मोठ्या माशाची बोटभर पिल्लं, म्हणजे बोटुकल्या. "ताई, महाशीरच्या बोटुकल्या कुठे मिळतील? दहा हजार हव्यात." मी उलट विचारते, "किती माद्यांच्या?" याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं आणि सगळी गोम तिथेच आहे.

एकाच जोडीपासून हजारो पिल्लं काढणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. पण ती सगळी सख्खी भावंडं असतात. नदीत जगली, वाढली, तरी पुढच्या पिढीत भावाबहिणींच्याच जोड्या लागणार. त्यातून पिल्लांचा जोम कमी होतो, अंडी कमी फळतात. शिवाय एखादा रोग आला किंवा उन्हाळ्यात डोह नेहमीपेक्षा जास्त तापला, तर तग धरणारा वेगळा रक्ताचा मासा त्या गर्दीत असेलच असं नाही. गर्दी दिसते, फोटो छान येतात, आणि दहा-पंधरा वर्षांनी नदी पुन्हा रिकामी.

मी मत्स्यबीज केंद्रात बरीच वर्षं काढली आहेत आणि नंतर त्याच माशांच्या परांचे तुकडे प्रयोगशाळेत तपासले आहेत. पुढे जे लिहिलंय ते महाशीरच्या अनुभवावरून आहे, पण नदीत मरळ सोडायचा असो की घाटातला छोटा बार्ब मासा, हिशेब तोच.

कावेरीत काय झालं ते आधी समजून घ्या

पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून कर्नल साइक्स यांनी १८३९ साली टोर खुद्री या जातीचं वर्णन केलं. निळसर परांचा, आपला दख्खनचा महाशीर. १९७०च्या दशकात लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात त्याचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि डॉ. एस. एन. ओगले यांनी ती पद्धत बसवली, आणि आज महाशीरवर काम करणारा प्रत्येक जण कुठे ना कुठे त्यांच्याच वाटेवरून चालतो. तिथलं बीज, म्हणजे पिल्लं, देशात अनेक ठिकाणी गेलं. कावेरीतही गेलं.

कावेरीत मात्र तिचा स्वतःचा महाशीर होता. पाठीला कुबड, केशरी पर, पन्नास किलोच्या वर जाणारा. जगभरचे गळवाले त्याच्यासाठी येत, पण त्याला धड शास्त्रीय नावसुद्धा नव्हतं. तो टोर रेमादेवी हे २०१८ साली ठरलं, आणि त्याच वर्षी तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून आला. कावेरीकाठच्या गालीबोरच्या फिशिंग कॅम्पवर १९९८ ते २०१२ या काळात पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी आहेत. त्यांत निळ्या परांचे मासे वाढत गेलेले दिसतात, कुबडवाले घटत गेलेले. गंमत अशी की कुबडवाल्यांचा सरासरी आकार वाढत होता. वरवर पाहणाऱ्याला बरं वाटेल. पण आकार वाढला कारण लहान मासे येणंच थांबलं होतं, उरलेले जुने तेवढे मोठे होत होते.

धरणं, वाळूउपसा, मासे मारायला पाण्यात उडवलेले जिलेटिनचे बार ही कारणं तिथे होतीच, सगळं खापर बीजावर फोडता येणार नाही. बीज सोडणाऱ्यांचा हेतूही चांगला होता. त्या काळी महाशीर म्हणजे महाशीर, एवढंच धरलं जायचं. आज तसं धरायला सबब नाही.

दुसरी एक गोष्ट हल्ली फार ऐकू येते. २०१८च्याच मूल्यमापनात टोर खुद्री 'संकटग्रस्त'मधून काढून सर्वांत कमी चिंतेच्या गटात टाकला गेला, तेव्हा "आता काळजी मिटली" असं लोक म्हणतात. ती नोंद अख्ख्या जातीची आहे. तुमच्या नदीतून गेलेला महाशीर त्या कागदाने परत येत नाही.

नदीत कुणी उरलंय का, ते बघा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम, म्हणून सगळे टाळतात. नदीकाठच्या भोई आणि कातकरी म्हाताऱ्यांशी बोला. शेवटचा केव्हा दिसला, केवढा होता, कुठल्या कोंडीत. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर जे डोह उरतात तिथे स्वतः बघा. पाण्याचा नमुना गाळून त्यातल्या डीएनएवरूनही अंदाज घेता येतो, पण तो जाणत्या प्रयोगशाळेकडूनच करून घ्या.

थोडेसे जरी उरले असतील, तर बोटुकल्या सोडायची घाई करू नका. इथे आकडा बघा. समजा नदीत उरलेल्या माशांची प्रभावी संख्या ४० आहे. 'प्रभावी' म्हणजे पुढच्या पिढीच्या जनुकांत ज्यांचा खरोखर वाटा आहे त्यांच्या हिशेबाने निघणारी संख्या. तुम्ही दोन जोड्यांपासून, म्हणजे ४ माशांपासून, भरमसाट पिल्लं काढून सोडली आणि पुढच्या पिढीत ८० टक्के वाटा त्यांचा झाला. तर एकत्र प्रभावी संख्या ४४ होत नाही. ती सहाच्या आसपास येते. मदतीला गेलात आणि चाळीसचे सहा केलेत. रायमन आणि लायक्रे या शास्त्रज्ञांनी १९९१ साली हे गणित मांडलं, तेव्हापासून त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं.

उरलेले असतील तर बार बंद करा, मासे मारायला टाकली जाणारी ब्लीचिंग पावडर बंद करा, डोह राखा. कोणी नाहीच अशी खात्री पटली, आणि ज्या कारणाने मासा गेला ते कारण दूर झालं असेल, तरच पुढे वाचा. कारण तसंच असेल तर पिल्लं सोडणं म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

मूळ मासे कुठले

आधी तुमच्याच खोऱ्यातले. इंद्रायणीसाठी भीमेच्या उपनद्यांतले, कोयनेसाठी कृष्णेच्या वरच्या अंगातले, वैतरणेसाठी कोकणात उतरणाऱ्या नद्यांतले. घाटमाथा ओलांडायचा नाही हा साधा नियम. (आपण माणसांनी तो नियम कधीच मोडलाय. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत उतरतं. पण आधी मोडलाय म्हणून आपणही मोडावा असं नाही.)

सगळ्यांना देवाचे डोह आठवतात. वाडा तालुक्यात तिळस्याचा डोह, महाडकडे काळ नदीवरचा वाळण कोंड. ही ठिकाणं खरोखर मोलाची आहेत, गावाने पिढ्यान्पिढ्या मासे राखलेत. पण दोन गोष्टी. एक, डोह लहान असेल आणि बरीच वर्षं एकटा पडला असेल, तर तिथले मासे आधीच एकमेकांचे नातेवाईक असू शकतात. दोन, श्रद्धेने कुणीतरी बाहेरचं बीज आणून सोडलेलं असू शकतं. म्हणून तपासल्याशिवाय कुठल्याही डोहातले मासे 'मूळचे' धरू नका.

आणि परवानगी. कागदावरची तर घ्यायचीच, राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग, अभयारण्य असेल तर वनविभाग, गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती. पण डोहावर खरी परवानगी गुरवाची. मी एका ठिकाणी म्हटलं, "काका, मासा मारायचा नाही, परांचा नखाएवढा तुकडा घेऊन लगेच सोडायचा." ते म्हणाले, "ताई, माझं काय, देवीचा कौल घेऊन सांगतो." कौल मिळेपर्यंत थांबा. घाईने जाळं टाकलंत तर तुमचा प्रकल्प त्या खोऱ्यात कायमचा संपला.

तुकडा कसा घ्यायचा? शेपटीच्या परांच्या टोकाचा, लहान कात्रीने. दर माशामागे कात्री पुसून ज्योतीवर धरायची, नाहीतर एकाचा डीएनए दुसऱ्याच्या नळीत जातो. नळीत ९५ टक्क्यांच्या वरचं शुद्ध इथेनॉल, तुकड्याच्या कितीतरी पट. सॅनिटायझर नको, दुकानातलं स्पिरिट नको. दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला, कारण तुकड्यातलं पाणी उतरून ते पातळ होतं. आणि चिठ्ठी शिसपेन्सिलने लिहून नळीच्या आत टाका. पेनाची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि मग हातात तीस नळ्या राहतात, कुठल्या डोहाच्या ते देव जाणे. एका ठिकाणचे तीसेक मासे पुरतात, पण ते एकाच जाळ्यात आलेली पिल्लं नकोत, ती भावंडंच असण्याची शक्यता जास्त.

प्रयोगशाळेला काय मागायचं हे आधी ठरवा. बरेच अहवाल नुसत्या बारकोडवर येतात, म्हणजे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या भागाच्या एका जनुकावर. तो डीएनए फक्त आईकडून येतो. आई टोर खुद्री आणि बाप दुसऱ्याच जातीचा, तरी अहवाल "टोर खुद्री" असंच सांगणार. ज्या केंद्रांत एकापेक्षा जास्त जातींचे महाशीर ठेवलेले असतात तिथे ही शंका घ्यायलाच हवी. म्हणून पेशीकेंद्रातल्या डीएनएची चाचणीही हवी, मायक्रोसॅटेलाइट किंवा एसएनपी. खर्च वाढतो. वाढू दे.

जवळचा एकही साठा, म्हणजे एका ठिकाणची माशांची वस्ती, पुरेसा धडधाकट नसेल तर त्याच खोऱ्यातले दोन साठे मिसळायला मी घाबरत नाही. मिसळण्याची जेवढी भीती घातली जाते तेवढी भावाबहिणींच्या जोड्यांची घालत नाहीत, हे मला कधी कळलेलं नाही. ऑस्ट्रेलियात ओव्हन्स नदीतून नाहीसा झालेला मॅक्वारी पर्च हा मासा परत आणताना डार्टमाउथ तलाव आणि यारा नदी, असे दोन ठिकाणचे मासे वापरले. पुढे तपासल्यावर त्यांच्यात आपसात जोड्या लागलेल्या सापडल्या, आणि दोन्हीकडचे मासे वापरण्याचा फायदा झाला असाच निष्कर्ष निघाला. मात्र दोन जाती मिसळणं वेगळं. ते नाही म्हणजे नाही.

किती घ्यायचे

लोक विविधता मोजताना एकच आकडा बघतात, हेटरोझायगोसिटी, म्हणजे एखाद्या जनुकाची आईकडून आणि बापाकडून आलेली दोन रूपं वेगवेगळी असण्याचं प्रमाण. हा आकडा फसवा आहे. एकाच जोडीपासून सुरुवात केली तरी तो सरासरी ७५ टक्के टिकतो. ऐकायला वाईट नाही. पण दुर्मीळ रूपं बघा. मूळ नदीत एखादं रूप ५ टक्के होतं असं धरा. एका जोडीत ते न येण्याची शक्यता ८१ टक्के. दहा माशांत ३६ टक्के. तीस माशांत पाचाच्या आत. पन्नास माशांत एक टक्क्याहून कमी. रोगाशी, तापलेल्या पाण्याशी झगडायला उद्या कुठलं दुर्मीळ रूप कामी येईल ते आज कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून एकमेकांचे नातेवाईक नसलेले, नदीतून आलेले किमान तीस मासे, जमलं तर पन्नास. एका वर्षात मिळणार नाहीत. दोन-तीन पावसाळे, वेगवेगळ्या कोंडी, वेगवेगळे आकार. नर आणि माद्या शक्यतो सारख्या, कारण प्रभावी संख्येचं सूत्र असं आहे: नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले ४, भागिले एकूण मासे. २० नर आणि २ माद्या असतील तर उत्तर येतं ७.३. ११ नर आणि ११ माद्या असतील तर २२. मासे दोन्हीकडे बावीसच. आणि दर पिढीला विविधता घटते ती या संख्येच्या दुपटीने एकला भागून येते तेवढी. ७ असेल तर सात टक्के, ५० असेल तर एक टक्का.

यावर कुणीतरी मेक्सिकोचं उदाहरण हमखास काढतं. तेउचित्लानच्या झऱ्यांतून नाहीसा झालेला टकीला मासा इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयाने १९९८ साली मिचोआकान विद्यापीठाला पाठवलेल्या पाच जोड्यांपासून परत उभा केला. खरं आहे. पण तिथे होते तेवढ्यांवर भागवावं लागलं. शिवाय पुढे ४० नर आणि ४० माद्या विद्यापीठाच्या मोठ्या तळ्यात सोडून, स्वतःचं अन्न शोधत वाढू देऊन, मग २०१७ साली दीड हजार मासे झऱ्यांत नेले. तुमच्याकडे पर्याय असताना पाच जोड्यांवर समाधान मानायचं कारण नाही.

केंद्रातली ती सकाळ

खरी विविधता वाया जाते ती इथे, आणि तीही चांगल्या हेतूने.

पावसाळ्यात माद्या तयार होतात. पोट हलकेच दाबलं की सोनेरी-पिवळी अंडी सुटतात. मादीला मऊ फडक्याने कोरडं करायचं, भांडंही कोरडं ठणठणीत. पाण्याचा थेंब लागला की शुक्राणू जागे होतात आणि जेमतेम मिनिटभर पळतात, नंतर उपयोग नाही. म्हणून आधी अंडी, मग नराचं मिल्ट (शुक्राणूंचा द्रव), मग पिसाने ढवळणं, मग पाणी.

आता नेहमीची पद्धत बघा. एक मोठी मादी सापडते, ढीगभर अंडी देते, चार-पाच नरांचं मिल्ट एकत्र करून तिच्यावर ओतलं जातं. कागदावर पाच बाप. प्रत्यक्षात त्या मिनिटाच्या शर्यतीत एखाद-दुसरा नरच बाजी मारतो. बाकीच्यांची पिल्लं नावापुरती.

त्याऐवजी असं करा. अंडी चमच्याने मोजून पाच कोरड्या वाट्यांत सारखी वाटा. प्रत्येक वाटीत एकाच नराचं मिल्ट. पाच माद्यांना हेच पाच नर दिलेत तर दहा माशांपासून पंचवीस कुटुंबं होतात, आणि एखाद्या नराचं मिल्ट फुकट निघालं तरी कुठल्याच मादीची अंडी पूर्ण वाया जात नाहीत. वाटीला नंबर, ट्रेला तोच नंबर. वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये एकावर एक न टाकता अंडी पसरायची, ऊन लागू द्यायचं नाही, पांढरी पडलेली ड्रॉपरने रोज काढायची, नाहीतर बुरशी शेजारच्यांना धरते. तीन-चार दिवसांत पिल्लं फुटतात.

मग सगळ्यात जिवावर येणारं काम. एका कुटुंबात पंधराशे जिवंत, दुसऱ्यात दोनशे. नदीत सोडण्यासाठी दोन्हींतून सारखीच घ्यायची, म्हणजे दोनशे-दोनशे. आमच्या केंद्रावरचे नाना हे ऐकून ट्रेवरून हात काढेनात. "ताई, तेराशे जीव बाजूला काढायचे? साहेबांना काय सांगू, आकडा कमी का?" नानांचं चुकत नव्हतं, त्यांचा पगार आकड्यावर ठरत होता. पण सगळ्या जोड्यांचा वाटा सारखा ठेवला तर प्रभावी संख्या जवळजवळ दुप्पट होते, तेही एकही जास्तीचा मासा न पकडता. इतकं स्वस्तातलं औषध दुसरं नाही. जास्तीची पिल्लं बंदिस्त तळ्यात वाढवा, शाळेच्या टाकीत ठेवा, नदीत मात्र नाही. (आणि कुटुंब अगदीच दहा-वीस पिल्लांचं असेल तर सगळ्यांना तेवढ्यावर आणू नका, व्यवहार बघा.)

प्रत्येक प्रजनक माशाला पाठीच्या स्नायूत पिट टॅग, म्हणजे ओळख नंबराची बारीक चिप, टोचा आणि वही ठेवा. टॅग नंबर, कुठे पकडला, नर की मादी, कोणाबरोबर जोडी, किती अंडी, किती जगली, कुठे सोडली. एक मादी एका हंगामाहून जास्त वापरायची असेल तर आधी वही उघडा. लाडकी मादी दरवर्षी वापरली जाते, कारण ती हाताला सवयीची असते.

केंद्रातच वाढलेल्या पिल्लांना पुढे प्रजनक करू नका. अमेरिकेत ओरेगॉनच्या हूड नदीतल्या स्टीलहेड ट्राउटवर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंदिवासातल्या दर पिढीमागे पिल्लं देण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली आढळली. टाकीत जगायला जे लायक तेच उरतात, आणि टाकी म्हणजे नदी नव्हे. दरवेळी आई-बाप नदीतलेच.

सोडताना

मान्यवरांच्या हस्ते एका घाटावर सगळ्या पिशव्या रिकाम्या करणं हा प्रकार मी बघून थकले. करायचाच असेल तर एका पिशवीचा करा आणि बाकीच्या वरच्या अंगाच्या पाच-सहा डोहांत न्या. प्रत्येक डोहात प्रत्येक कुटुंबातली थोडी पिल्लं जायला हवीत. एक डोह आटला किंवा तिथे कुणी बार टाकला, तर एक अख्खं घराणं बुडू नये. बांधलेली पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवा, आतलं आणि बाहेरचं तापमान जुळू द्या, मग थोडं थोडं नदीचं पाणी आत घ्या. सोडण्याआधी दर कुटुंबातल्या काही पिल्लांचे तुकडे नळीत ठेवलेले हवेत. आणि हे काम वर्षानुवर्षं, दरवेळी वेगळ्या आई-बापांची पिल्लं घेऊन. पहिल्या वर्षी पूर आला आणि सगळं वाहून गेलं, तरी घराणी शिल्लक राहतात.

नंतर

महाशीरच्या मादीला वयात यायला काही वर्षं लागतात, तेव्हा घाईने निकाल लिहू नका. बघायचं ते नदीत जन्मलेलं पिल्लू. तुम्ही सोडलेल्याहून लहान पिल्लं दिसायला लागली की त्यांचे तुकडे घ्या आणि वहीतल्या आई-बापांशी जुळवा. किती कुटुंबांचा वाटा आहे? पंचवीसपैकी वीस कुटुंबं दिसली तर उत्तम. तीनच दिसली तर मासे कितीही असोत, नव्या आई-बापांची सोय त्याच वर्षी करा. सगळं सुरळीत असेल तरी दर पिढीला मूळ साठ्यातले काही मासे आणून मिसळावे लागतात, विशेषतः खाली धरण असेल आणि वर कुणी आपणहून येऊ शकत नसेल तर. पिढीला एक ते दहा, एवढे पुरतात, पण ते जगून पिल्लं देणारे हवेत, नुसते सोडलेले नव्हेत.

उरलेल्या नळ्या फेकू नका. उणे वीस अंशांवर ठेवा, वहीची एक प्रत प्रयोगशाळेत आणि एक गावच्या समितीकडे द्या. पुढे त्याच नदीत काम करायला येणाऱ्याला पहिल्या प्रजनक माशांचे नमुने लागणार आहेत, आणि ते तुमच्याकडेच असतील.